ऐंशीच्या वर

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या सोमवारी वृषाली तांबवेकर आपल्या थोरल्या जावेचं रक्त तपासायची. जावेला त्याचा पत्ताही नसायचा. भारतीअक्का त्या वेळी घरी संक्रांतीचे तीळ निवडत बसलेल्या असायच्या.

वृषाली कुसुंबळ्याच्या मोरबाळे ट्रस्टच्या रुग्णालयात प्रयोगशाळेची तंत्रज्ञ होती. सहा वर्षांपूर्वी, २०३३ साली, अक्कांचा घोटा मोडला. पाय पाच आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघायला दोन दिवस उरले असताना त्या न्हाणीघराच्या दारात धाप लागून खाली बसल्या त्या उठेचनात. पोटरीच्या शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटली होती आणि थेट फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली होती. योगायोग असा, की त्याच महिन्यात रुग्णालयात रक्तसूचक चाचणीचं नवं यंत्र आलं होतं. अक्का त्या यंत्रावरच्या पहिल्या रुग्ण. त्यांचा आकडा आला अठ्ठावन्न. डॉ. परिमल सोहोनींनी मांडीच्या शिरेतून नळी वर नेली, गुठळी ओढून काढली, आणि सातव्या दिवशी अक्का आपल्या पायांनी घरी आल्या. यंत्राची पडताळणी करायला एक ठरावीक नमुना लागतो, म्हणून त्यांच्या उरलेल्या रक्ताच्या चिमुकल्या कुप्या भरून खोल गोठवून ठेवल्या. संमतीच्या कागदावर अक्कांनीच सही केली होती. पुढे त्या ते विसरूनही गेल्या.

या सोमवारी वृषालीने कुपी वितळवली, यंत्रात लावली आणि चहा प्यायला गेली. परत येऊन बघते तर पडद्यावर आकडा होता चौऱ्याऐंशी.

तिने दुसरी कुपी लावली. चौऱ्याऐंशीच. मग तिने जुनी वही काढली. अठ्ठावन्न, एकोणसाठ, एकसष्ट, पासष्ट, एकाहत्तर, सत्त्याहत्तर. गेल्या वर्षी तिने कुपीला दोष दिला होता, त्याआधी आपल्या हाताला. पण यंत्राने मोजलेली प्रथिनं सहाही वर्षं तीच होती, दशांशाचाही फरक नव्हता. रक्त तेच होतं. बदलला होता तो आकडा.

हा आकडा काय असतो, हे तिने नातेवाइकांना शेकडो वेळा समजावलं होतं. हृदयाचा उजवा कप्पा तसा पातळ भिंतीचा. शेजारच्या फुफ्फुसात रक्त ढकलायचं एवढंच त्याचं काम. पुढची वाट गुठळीने बुजली की तो फुगतो, ताणतो, त्याच्या पेशी फाटतात आणि पेशींच्या आतली प्रथिनं रक्तात उतरतात. कप्पा किती दमलाय, अंगाला प्राणवायू किती कमी पडलाय, गुठळी किती जुनी आहे, हे सगळं त्या रक्तात लिहिलेलं असतं. यंत्र अशी त्रेपन्न प्रथिनं मोजतं आणि राज्याच्या केंद्राकडे पाठवतं. असं रक्त असलेल्या शंभर माणसांपैकी किती जण महिन्याभरात गेले, ते केंद्रातलं गणित उलट कळवतं. नव्वद रुग्णालयांतून दर महिन्याला नवे रुग्ण आणि त्यांचं काय झालं याची माहिती त्यात भरली जाई, आणि गणित शिकत राही.

आकड्यावर नियम बेतलेले होते. चाळीसपर्यंत रक्त पातळ करणारी इंजेक्शनं पुरेत. चाळीस ते ऐंशी असेल तर वेळ न दवडता कॅथलॅबमध्ये न्या आणि शिरेतून नळी घालून गुठळी काढा. ऐंशीच्या वर असेल तर माणसाला उगाच यातना देऊ नका. प्राणवायू, मॉर्फिन आणि नऊ नंबरची खोली. कागदावर याला सुखोपचार म्हणत. नऊ नंबरला छान पडदे होते आणि नातेवाइकांना कितीही वेळ बसता येई. तिथून आजवर कुणी चालत बाहेर आलं नव्हतं.

वृषाली घरी आली तेव्हा अक्का ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. ती दारातच थबकून त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

“काय गं, अशी काय बघतीयेस? पीठ लागलंय का तोंडाला?”

तिला राहवलं नाही. तिने सांगून टाकलं. अक्कांनी सगळं ऐकलं, तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली.

“म्हणजे तेव्हाऐवजी मी आज पडले असते, तर?”

“नऊ नंबरमध्ये, अक्का.”

“आणि मेले असते.”

“हो.”

“मग यंत्राचं म्हणणं खरंच झालं असतं की.” अक्का हसल्या, पण त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून आपला श्वास ऐकायला लागल्या. सहा वर्षं निरोगी असलेली बाई एका आकड्याने आजारी पडली. तिला आपण का सांगितलं, असं वृषालीला झालं.

डॉ. सोहोनी साठीचे होते, हळू बोलणारे. वृषालीने वही पुढे ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आकडे बोटाने एकेक करून वाचले.

“यंत्र बिघडलंय का, सर?”

“नाही. यंत्र बरोबर आहे, हीच तर पंचाईत आहे.” त्यांनी वही मिटली. “असं बघ. पहिल्या वर्षी ऐंशीच्या वरच्यांसाठीही आम्ही झटत होतो. शंभरातले दहा-वीस वाचायचे. मग नियम आला. त्यांना हात लावायचा नाही. हात लावला नाही, म्हणून ते सगळे गेले. गणिताला काय कळलं? असं रक्त असलेले सगळे मरतात. उपचार केले नाहीत म्हणून मेले, हे त्याला कोण सांगणार? मग ऐंशीच्या जवळपास रक्त असलेल्यांचाही आकडा वर सरकला. ते ऐंशी ओलांडून गेले. आम्ही त्यांनाही सोडलं. तेही गेले. ऐंशीची रेघ दर वर्षी तिथेच आहे, पण माणसं तिच्याकडे ढकलली जातायत.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

सोहोनींनी वही तिच्याकडे सरकवली. “संशय होता. तुझ्याकडे मात्र पुरावा आहे. केंद्राला लिही.”

तिने लिहिलं. आठ दिवसांनी केंद्राचे कार्लेकर पडद्यावर आले. पस्तिशीतला, अदबीने बोलणारा माणूस.

“मॅडम, तुमची तळमळ समजते. पण सहा वर्षं गोठवलेल्या नमुन्यावर विसंबणं शास्त्रीय नाही.”

“प्रथिनं जशीच्या तशी आहेत, साहेब. तुम्हीच बघा ना.”

“एक सांगू का? ही चाचणी आल्यापासून राज्यात या आजाराचे मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झालेत. का? पूर्वी एकेका कॅथलॅबमध्ये वाचण्याची आशा नसलेले रुग्ण दोन-दोन तास असायचे, आणि वाचू शकणारे बाहेर स्ट्रेचरवर जायचे. ते आता होत नाही.” ते खोटं बोलत नव्हते, हे वृषालीला ठाऊक होतं. “नवा पडताळणी नमुना पाठवतोय. जुन्या कुप्या नष्ट करून तसं कळवा.”

नवा नमुना आला. त्याचा आकडा दर तिमाहीला केंद्रच ठरवून पाठवणार होतं, म्हणजे आकडा सरकला तरी इथे कळणार नव्हतं. वृषालीने जुन्या कुप्या नष्ट केल्याचं कळवलं, आणि त्या एका रिकाम्या खोक्यात घालून शीतकपाटाच्या तळाशी सरकवल्या.

मार्चच्या अठरा तारखेला दुपारी दीड वाजता रशिदा मुजावर यांना त्यांच्या मुलीने आणलं. छप्पन्न वर्षांची बाई, शेजारच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. सकाळी मुलांना खिचडी वाढता वाढता चक्कर येऊन पडल्या होत्या. ओठ निळसर पडले होते. रक्ताची नळी घेऊन मुलगी, नाझिया, स्वतःच प्रयोगशाळेच्या खिडकीशी धावत आली.

“मॅडम, लवकर बघा ना. आकडा आल्याशिवाय काही करता येत नाही म्हणतात.”

यंत्राला अकरा मिनिटं लागत. ती अकरा मिनिटं नाझिया खिडकीचा गज धरून उभी होती. मग वृषालीच्या पडद्यावर आकडा उमटला. त्र्याऐंशी.

हा आकडा आधी फक्त तंत्रज्ञाला दिसे. त्याखालचं ‘पाठवा’ हे बटण दाबलं की मग तो वॉर्डात जाई आणि केंद्राच्या नोंदीत चढे. वृषालीचं बोट बटणावर होतं. चौऱ्याऐंशी आकड्याची बाई तिच्या घरी जिवंत होती, आज सकाळी तिने डब्यात मेथी भरून दिली होती. आणि समोर होती त्र्याऐंशीची.

तिने टेबलाखाली हात घातला आणि केंद्राकडे जाणारी वायर उपसली. मग फोन उचलला.

“सर, लाइन गेलीय. आकडा मिळत नाहीये.”

पलीकडे सोहोनी होते. नियम त्यांना पाठ होता. वीस मिनिटांत आकडा आला नाही, तर निर्णय डॉक्टरांचा.

“किती वेळ लागेल?”

“सांगता येत नाही, सर.”

“बरं,” ते म्हणाले. पुढे एक शब्दही विचारला नाही. “तिला पोटात व्रण आहे, गुठळी विरघळवायचं औषध दिलं तर आत रक्तस्राव होईल. मी कॅथलॅबमध्ये घेतो.”

वृषालीने खिडकीतून नाझियाला सांगितलं, “नेतायत आत. जा तू, आईपाशी जा.” मुलीने गजातून तिचा हात धरून कपाळाला लावला. वृषालीला तो हात पटकन मागे घ्यावासा वाटला.

वायर तिने अडीचला पुन्हा जोडली. पाचच मिनिटांत रक्ताची दुसरी नळी आली. तुषार हुलवान, वय सत्तावीस. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. नऊ दिवसांपूर्वी दुसरीकडे शस्त्रक्रिया होऊन आत सळई घातली होती. सकाळपासून छातीत कळ आणि दम.

आकडा आला सेहेचाळीस.

असा आकडा म्हणजे नियमाप्रमाणे सरळ कॅथलॅब. सेहेचाळीसची माणसं वेळेत आत गेली तर वाचतात, हे ती सहा वर्षं बघत आली होती. ताजी शस्त्रक्रिया असल्यामुळे विरघळवायचं औषध त्यालाही देता येत नव्हतं. तिने बटण दाबलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. कॅथलॅब एकच होती. तिथे रशिदा होती.

ती धावत वर गेली. कॅथलॅबच्या दारावर लाल दिवा होता. बाहेर स्ट्रेचरवर तुषार होता, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, एका हातात फोन घट्ट धरलेला. शेजारी त्याचे वडील, दत्तात्रय हुलवान, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, पोराच्या तळपायांना हाताने ऊब देत होते.

“किती वेळ लागेल आत?” तिने परिचारिकेला विचारलं.

“गुठळीचे तुकडे झालेत. सर म्हणाले, निदान तासभर. याला सत्तर किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॅथलॅबला पाठवायचं का विचारलं, तर म्हणाले हलवू नका, वाटेत जाईल.”

हुलवानांनी तिच्या अंगावरचा पांढरा कोट पाहिला. “मॅडम, सेहेचाळीस म्हणजे चांगला ना? खाली एक जण म्हणाला, चांगलाय.”

“चांगलाय, काका,” वृषाली म्हणाली.

चार वाजायला दहा मिनिटं असताना तुषारचं हृदय थांबलं. कॅथलॅबचं दार उघडलं तोवर त्याला चार मिनिटं झाली होती. सोहोनी तसेच, रक्ताळलेल्या हातमोज्यांनी, बाहेर आले आणि त्यांनी त्याची छाती दाबायला घेतली. चाळीस मिनिटं ते दाबत राहिले. मग कुणीतरी त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं.

रशिदा मुजावर नवव्या दिवशी घरी गेल्या. जाताना नाझिया प्रयोगशाळेत पेढे देऊन गेली. वृषालीने ते खोक्यासकट आयाबाईंना दिले. घरी ती अबोल झाली. अक्का आता श्वास मोजायच्या थांबल्या होत्या. त्या तिच्याकडे बघत आणि काही न विचारता ताट वाढत.

महिनाअखेरीला परिणामांचा तक्ता भरायचं काम तिचंच होतं. तिने भरला, आणि केंद्राकडून लगेच पोच आली. तुषारच्या नावापुढे होतं: आकडा सेहेचाळीस, परिणाम मृत्यू, मोजणीत धरले. रशिदाच्या नावापुढे: आकडा उपलब्ध नाही, परिणाम बरे होऊन घरी, मोजणीत धरले नाही.

वृषाली त्या दोन ओळी कितीतरी वेळ वाचत बसली. रशिदा वाचली होती, पण गणिताच्या लेखी ती आलीच नव्हती. तुषार मेला होता, आणि गणित त्यातून शिकणार होतं की तुषारसारख्या रक्ताची माणसं मरतात. आजपासून राज्यात कुठेतरी, अगदी तसंच रक्त असलेल्या कुणाचा तरी आकडा केसभर वर सरकला होता. तिने एका बाईला वाचवलं होतं, आणि रेघेकडे सगळ्यांना आणखी थोडं ढकललंही होतं.

रशिदाची ओळ दुरुस्त करायला एकच मार्ग होता. तिने ती उघडली, आकड्याच्या जागी त्र्याऐंशी लिहिलं आणि कारणाच्या चौकटीत जे घडलं ते लिहिलं. आपण वायर काढली. आकडा आपल्याला दिसला होता. डॉक्टरांना तो माहीत नव्हता. मग तिने शीतकपाटाच्या तळाचं खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि त्या कुप्यांबद्दलही लिहिलं. पाठवून झाल्यावर तिने नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं, “बहुतेक नोकरी जाईल.”

“अक्कांमुळे?” त्याने विचारलं.

“नाही. माझ्यामुळे.”

चौकशी मे महिन्यात झाली. विश्वस्तांची खोली, लांबडं टेबल, मधल्या खुर्चीत कार्लेकर. या वेळी ते प्रत्यक्ष आले होते आणि थकलेले दिसत होते. सोहोनींना आधी बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं.

“तंत्रज्ञ म्हणतात, तुम्हाला माहीत नव्हतं,” कार्लेकर म्हणाले.

“लाइन गेली असती, तर माझ्या टेबलावरच्या संगणकाचीही केंद्राशी जोडणी तुटली असती,” सोहोनी म्हणाले. “ती चालू होती. मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.”

ते बाहेर आले तेव्हा वृषाली उठून उभी राहिली. “तुम्ही कशाला सर?”

“मीच तिला आत घेतलं ना? तुषार बाहेर आहे हे कळल्यावरही मी नळी काढली नाही. काढता आली नसती. पण ते माझं आहे, तुझं नाही.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. पुढल्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

वृषालीला कार्लेकरांनी फार काही विचारलं नाही. तिने सगळं लिहूनच दिलं होतं. कुप्या सीलबंद पाकिटात टेबलावर होत्या.

“त्र्याऐंशीची बाई वाचली,” ती म्हणाली. “ती नोंद तरी धरा, साहेब. मला काढा, पण तिला मोजा.”

कार्लेकरांनी समोरचा कागद तिच्याकडे सरकवला. केंद्राचा निर्णय झाला होता. रशिदा मुजावर: नियमबाह्य उपचार, मोजणीतून वगळले. खाली सर्व रुग्णालयांसाठी नवं परिपत्रक होतं. यापुढे यंत्रणा बंद असल्यास, आकडा मिळेपर्यंत कोणत्याही रुग्णावर गुठळी काढण्याची प्रक्रिया सुरू करू नये.

“ती वीस मिनिटांची सवलत कशासाठी होती, मलाच ठाऊक आहे,” कार्लेकर खालच्या आवाजात म्हणाले. “मीच ती घालून घेतली होती, मॅडम. फार भांडून.”

ती बाहेर आली. बाकावर दत्तात्रय हुलवान बसले होते. त्यांनाही बोलावलं होतं. स्वच्छ धुतलेला सदरा, मांडीवर पोराच्या कागदांची पिशवी. तिला बसायला त्यांनी जागा केली. ही कोण, हे त्यांना आता समजलं होतं, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही.

“काका, त्या दिवशी आत जी बाई होती, तिला मी पाठवलं. तिची पाळी नव्हती. तिला पाठवलं नसतं तर तुषार आत गेला असता.”

“वाचलं आम्ही ते. कागद आला हुता घरी.” हुलवान समोरच्या भिंतीकडे बघत होते. “ती बाई जगली का?”

“हो.”

“कामाला जाती?”

“जाते. अंगणवाडीत.”

त्यांनी बराच वेळ मान हलवली, कुणीतरी लांबलचक हिशेब समजावून सांगावा आणि तो पटत जावा तशी. मग त्यांचा हात पिशवीवर घट्ट झाला.

“मला तिचं नाव सांगू नका, मॅडम. इचारलं तरी सांगू नका. नाव कळलं तर मी तिच्या दारात जाईन. जाऊन काय करीन, माझं मलाच ठावं न्हाई.” त्यांनी वर आलेला कागद पिशवीत सरकवला. “आन् तिलाबी तुषारचं कळू देऊ नका. तिनं काय केलंय बिचारीनं.”

शिपायाने दारातून हाक मारली, “हुलवान!” ते गुडघ्यावर हात टेकून उठले, सदरा सारखा केला, पिशवी छातीशी धरली आणि आत गेले. दार त्यांच्यामागे पुरतं लागलं नाही. आतून कार्लेकरांचा आवाज आला, अदबशीर, दमलेला. “बसा ना. पाणी घेता? सुरुवात करू या. तुमच्या मुलाचा आकडा किती होता?”

हुलवान काय म्हणाले ते बाहेर ऐकू आलं नाही.